मणक्याची दुखापत आणि व्हिडिओ गेम : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

झाडावरून पडणं, पावसाळ्यात शेवाळावर घसरणं, दुचाकीचा अपघात. मज्जारज्जूच्या दुखापतीबद्दल आलेल्या पत्रांत हीच कारणं पुन्हा पुन्हा दिसली. बऱ्याच पत्रांत आणखी एक प्रश्न होता: व्यायाम म्हणून गेम खेळा असं सांगितलंय, ते खरं किती आणि करायचं कसं? भौतिकोपचार (फिजिओथेरपी) आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणारा उपचार) करणाऱ्यांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

माझे यजमान एप्रिलमध्ये हापूस उतरवताना फांदी मोडून पडले. डी१० ला (छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीला) इजा झाली, ऑपरेशन झालं, आता आठ महिने झाले. कमरेखाली काही कळत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, तोल सांभाळायचे गेम खेळवा. गेम खेळून पाय चालू लागतील का, की नुसता वेळ घालवायचा? — एक भगिनी, देवगड

ताई, गेममुळे मज्जारज्जूची इजा भरून येत नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण या आशेवर घरात पैसे खर्च होतात आणि मग सगळ्यांचंच मन मोडतं. डिस्चार्ज कार्डावर 'एशिया' किंवा 'एआयएस' या शब्दापुढे ए ते ई यांपैकी एक अक्षर असेल, ते बघा. 'ए' असेल तर इजा पूर्ण आहे, म्हणजे अगदी खालच्या मज्जातंतूंपर्यंत संवेदना आणि हालचाल दोन्ही पोचत नाहीत. बी, सी किंवा डी असेल तर काही मार्ग शिल्लक आहेत आणि सुधारणेला वाव जास्त आहे. नैसर्गिक सुधारणा होते ती बहुतेक पहिल्या वर्षातच.

मग गेम कशासाठी? डी१० मध्ये दोन्ही हात पूर्ण चांगले असतात आणि पोटाचे वरचे स्नायू काम करतात. पोटाचा खालचा भाग आणि कमर मात्र साथ देत नाही. त्यामुळे पाठीला टेकू नसताना दोन्ही हात मोकळे ठेवून बसणं ही त्यांची सध्याची सगळ्यात मोठी परीक्षा आहे. ते जमलं की सदरा घालणं, अंगावर पाणी घेणं, खाटेवरून खुर्चीत सरकणं यातलं बरंच त्यांच्या हातात येतं. यासाठी शरीराला शेकडो वेळा तोल जाऊ द्यावा लागतो आणि परत सावरावा लागतो. "हात पुढे करा, मागे घ्या" हे दहा वेळा करून माणूस कंटाळतो. समोर गुण वाढताना दिसले की तोच माणूस शंभर वेळा करतो. गेमचं औषध ते एवढंच, पण ते मोठं आहे.

सुरुवातीला सर्जननी वाकायची आणि वळायची परवानगी दिलेली आहे का, याची खात्री करा. मग खाटेच्या कडेला बसवा. गुडघे काटकोनात आणि तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत. खाट उंच असेल तर पायाखाली पाट द्या. पाय लोंबकळत राहिले तर तोल कधीच सापडणार नाही, आणि बहुतेक घरांत चुकतं ते इथेच. मांड्यांखाली चाकाच्या खुर्चीतली गादी घ्या. ब्रेक लावलेली खुर्ची एका बाजूला, मागे उशा, आणि समोर तुम्ही किंवा मुलगा उभा. शेजारी नव्हे, समोर, कारण पुढे कोसळणं सर्वांत धोक्याचं. इजेच्या खालची हाडं वापर नसल्यामुळे ठिसूळ होत जातात. पडल्यावर मांडीचं हाड मोडलं तरी त्यांना दुखणार नाही. नंतर एकच पाय सुजला, गरम लागला तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

पहिला आठवडा फक्त मोबाइल दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखा धरून, तो कलवून खेळायचा गाडीचा गेम. हात गुंतले की आधाराला उरत नाहीत, मग धडाला काम करावंच लागतं. कोपर पोटाला चिकटलेलं असेल तर सोपं जातं, हात लांब केले की अवघड. तेवढ्या एका बदलावर पंधरा दिवस काढता येतात. त्यानंतर कॅमेऱ्यासमोर हात हलवून फळं कापायचे किंवा फुगे फोडायचे गेम घ्या. फोन छातीच्या उंचीवर, दीड ते दोन मीटर लांब ठेवा. पडवीकडे पाठ करून बसवू नका. मागून उजेड आला की कॅमेऱ्याला नुसती काळी आकृती दिसते आणि गेम हात ओळखत नाही.

पाच मिनिटं खेळ, दोन मिनिटं विसावा, असे चार फेरे. आठवड्यातून तीन दिवस पुरे. एक वही करा. आधाराशिवाय किती सेकंद बसले, ते लिहा. दुसरं माप भिंतीवर घ्या: भिंतीलगत बसवून हात खांद्याच्या उंचीला सरळ धरायचा, बोटांच्या टोकाशी खूण करायची, मग न पडता जितकं पुढे वाकता येईल तिथे दुसरी खूण. मधलं अंतर सेंटिमीटरमध्ये, दर पंधरा दिवसांनी. गेममधले गुण वाढताहेत पण हे अंतर वाढत नसेल, तर ते गेम शिकलेत, तोल शिकलेले नाहीत. तेव्हा गेम बदला.

माझ्या भावाला (वय २२) सी६ ला, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीला इजा आहे. मनगट वर उचलतो, पण बोटं हलत नाहीत. पूर्वी मोबाइलवर रात्रभर खेळायचा, आता फोन बघतसुद्धा नाही. त्याला खेळता येईल असं काही करता येईल का? महागडं परवडणार नाही. — एक वाचक, मालवण

येईल, आणि त्याच्या मनगटाचा व्यायामही त्यातच होईल. सी६ मध्ये मनगट वर उचललं की अंगठा आणि तर्जनी आपोआप जवळ येतात, मनगट खाली सोडलं की उघडतात. पुढे पेला धरायला, चमचा उचलायला हीच पकड कामाला येणार आहे. म्हणून आधी घरच्यांना एक सांगा: मालीश करताना मनगट मागे आणि बोटंही सरळ, असं एकाच वेळी कधी ताणायचं नाही. बोटांचे स्नायू सैल पडले की ही पकड गेली, ती परत आणणं फार कठीण.

बिनखर्चाचा मार्ग आधी करून बघा. शाळेच्या दप्तराला असते तशी अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी तळहाताभोवती येईल एवढी घ्या, टोकांना वेल्क्रो आणि तळव्याच्या बाजूला एक अरुंद खिसा शिवून घ्या. चप्पल दुरुस्त करणारा दहा मिनिटांत करून देईल. खिशात पेन्सिल खोचायची, खोडरबर खाली. याने कीबोर्डची बटणं दाबता येतात. फोनच्या पडद्यावर मात्र खोडरबर चालत नाही, त्याला टचस्क्रीनची पेन्सिल लागते. नाहीतर करंगळीचं पेरं वापरावं. पट्टी सोडल्यावर दर वेळी हात बघा, विशेषतः करंगळीकडची बाजू. तिथे त्याला टोचलेलं कळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जुना वायरचा माउस आणि एक बाहेरचं बटण. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला पुढचं वाचून दाखवा. माउसचा स्क्रू बहुधा खालच्या स्टिकरखाली किंवा सरकपट्ट्यांखाली दडलेला असतो. उघडल्यावर डाव्या क्लिकखाली तीन पायांचा छोटा मायक्रोस्विच दिसेल. त्यातले दोनच पाय कामाचे. कुठले ते मल्टिमीटरने बघा: क्लिक दाबल्यावर ज्या दोघांत बीप वाजतो आणि सोडल्यावर थांबतो, ते. बोर्डाच्या मागून त्या दोन पायांना बारीक वायर झाळून ३.५ मिमीच्या मोनो सॉकेटला जोडा. माउसमधून बाहेर पडण्याआधी वायरला आतल्या बाजूला एक गाठ मारा. गाठ नसली की कोणीतरी वायर ओढतं आणि झाळ सुटते. सॉकेट मोनोच घ्या. स्टिरिओ घेतलंत आणि वायर चुकून मधल्या कड्याला लागली तर सगळं बरोबर दिसूनही बटण नीट चालेलच असं नाही. तशी तक्रार आली की पहिल्यांदा तिथे बघा.

आता बटण. भिंतीवरचा दिव्याचा स्विच चालत नाही, तो दाबला की दाबलेलाच राहतो. बोट काढलं की परत येणारं हवं, दारावरच्या बेलचं असतं तसं. पण बेलचं बटण कडक असतं. त्यापेक्षा लांब पट्टीचा मायक्रोस्विच फार हलका चालतो. त्याला मोनो पिन जोडा. घरच्या विजेशी यातल्या कशाचाही संबंध येता कामा नये, माउसला जी वीज मिळते ती यूएसबीची.

बटण हाताखाली ठेवण्याचा मोह होईल, पण ते हाताच्या वर ठेवा. कोपर ते मनगट टेबलावर टेकवायचं, तळहात खाली, आणि पंजावर लाकडाच्या दोन ठोकळ्यांची छोटी कमान करून तिच्या आतून बटण बसवायचं. हाताची मागची बाजू आणि पट्टी यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर. मनगट उचललं की क्लिक, सोडलं की हात वजनाने खाली. म्हणजे गेममधली प्रत्येक उडी हा मनगटाचा एक व्यायाम. अंतर वाढवलं की मेहनत वाढते.

असा माउस संगणकाला थेट लागतो, अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणीतून (फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी लावायची छोटी जोडणी). बाण पडद्याच्या मधोमध ठेवून द्या आणि कुठेही टिचकी मारली तरी चालणारे एका बटणाचे गेम निवडा: उड्या मारायचे, अडथळे चुकवायचे, मनोरे रचायचे. सुरुवात सगळ्यात संथ गेमने करा. पहिल्याच दिवशी दहा वेळा हरला तर तो पुन्हा हात लावणार नाही. रात्रभर खेळणारा मुलगा होता तो, हरण्याचा अर्थ त्याला आपल्यापेक्षा जास्त लागतो.

हे जमलं आणि त्याला मित्रांबरोबर मोठे गेम खेळायचे असतील, तर मायक्रोसॉफ्टचा २०१८ साली आलेला एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आहे. त्यावर दोन मोठी बटणं आणि मागे ३.५ मिमीची १९ सॉकेट्स आहेत. हा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमयंत्राबरोबरच विंडोज संगणकालाही चालतो. सोनीने २०२३ मध्ये आणलेला ॲक्सेस कंट्रोलर त्यांच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) या गेमयंत्रासाठी आहे. पेटीत बाहेरची बटणं येत नाहीत, ती वेगळी घ्यावी लागतात. तुम्ही केलेलं मनगटाचं बटण त्यातही लागेल. म्हणून आधी घरचं बटण महिनाभर वापरून बघा, मगच खर्चाचा विचार करा.

मुलाला सी७ ची इजा आहे. हल्ली गेम खेळताना अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. आम्हाला वाटलं गेमच्या उत्साहाने होतं. दोनदा झोपवल्यावर जास्तच वाढलं. — एक माता, चिपळूण

हा उत्साह नव्हे, आणि झोपवणं तर अजिबात नको. डी६ किंवा त्यावरची इजा असेल तर इजेखाली काही बोचलं, ताणलं, तुंबलं की रक्तदाब एकाएकी चढतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. वेळेत कारण काढलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

ताबडतोब ताठ बसवा, पाय खाली सोडा. पोटाचा पट्टा, कमरेची नाडी, बूट-मोजे, लघवीच्या पिशवीचा पायावरचा पट्टा, सगळं सैल करा. मग लघवी बघा, कारण नेहमीचं कारण तेच: नळी मांडीखाली दबली आहे का, पीळ पडलाय का, पिशवी भरली आहे का. दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लघवी काढत असाल तर लगेच काढा. त्यानंतर शौच तुंबलंय का, कुठे खुर्चीची कड रुतते आहे का, पायाचं नख मांसात गेलंय का ते बघा. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब मोजा. मानेच्या इजेत वरचा आकडा एरवी ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० दिसला तर 'जरासा जास्त' म्हणून सोडू नका. नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढला की तो चढलेलाच. कारण सापडत नसेल किंवा १५० च्या वर गेला, तर १०८ ला फोन.

एक कार्ड लिहून खुर्चीला बांधून ठेवा: इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब, 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होतो, आडवं करू नये'. गावातल्या दवाखान्यात हा त्रास क्वचित बघायला मिळतो, कार्डाने वेळ वाचते.

गेमशी याचा संबंध असा: खेळण्याच्या नादात लघवीची वेळ टळते आणि तासन्‌तास एकाच जागी बसणं होतं. खेळायला बसण्याआधी मूत्राशय रिकामं, हा नियम करा. आणि मे महिन्यात, पावसाच्या आधीच्या दमट दिवसांत आणखी जपा. इजेखाली घाम येत नाही, त्यामुळे अंग तापलं की तापतच जातं. पंखा हवा, मानेवर आणि हातांवर ओला पंचा हवा. श्रम किती झाले हे नाडीवरून ठरवू नका, मानेच्या इजेत नाडी वाढतच नाही फारशी. खेळता खेळता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढे श्रम योग्य.

मुंबईहून कोणीतरी जुना काइनेक्ट (शरीराची हालचाल ओळखणारा एक्सबॉक्सचा कॅमेरा) आणि वी (हातात रिमोट धरून खेळायचं निन्टेंडोचं गेमयंत्र) देऊ करतंय. घ्यावं का? माझी इजा डी४. — एक वाचक, गुहागर

आधी ॲडॅप्टर उलटा करून 'इनपुट' वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. अमेरिकेतून आलेल्या यंत्रावर बहुधा १२० च असतं, ते आपल्या २३० वर लावलं की जळतं.

दोन्हींत वी घ्या. रिमोट हातात धरून हलवला की काम होतं, ते खुर्चीतून जमतं. टेनिस उत्तम. रिमोटची दोरी मनगटात घालाच. डी४ ला तुमची पकड चांगली आहे, पण हाच संच मानेची इजा असलेल्या कोणाला दिलात तर बोलिंग वगळा, त्यात चेंडू सोडताना बटण नेमक्या क्षणी सोडावं लागतं. वीचा बॅलन्स बोर्ड (तोलाच्या गेमसाठी पायाखाली ठेवायची फळी) मिळाला तरी त्यावर उघडं बसू नका. तो कडक आहे आणि तुम्हाला खालचं काही कळत नाही.

काइनेक्ट २०१० मध्ये आला आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. तो उभा माणूस शोधतो. खुर्चीचे हात आणि मोठी चाकं त्याला शरीराचाच भाग वाटतात. वापरायचाच तर खुर्चीचे हात काढा, दोन मीटर लांब बसा, खोलीत थेट ऊन नको, आणि मदतनीस मागे उभा करू नका. यंत्र त्यालाच खेळाडू समजतं.

खांदे सांभाळा. पुढचं सगळं आयुष्य खुर्ची ढकलायची आणि अंग उचलायचं ते त्यांच्यावर. हात खांद्याच्या वर जाणारे गेम थोडेच खेळा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा दुखला तर वेळ निम्मी करा. दम वाढवायचा असेल तर मध्यम ते जोरदार श्रमाची किमान २० मिनिटं, आठवड्यातून दोनदा, आणि त्याच्या जोडीला दोनदा ताकदीचा व्यायाम. मज्जारज्जूच्या इजेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तेवढं मागतात. बसून खेळलेलं टेनिस दर वेळी एवढ्या श्रमाचं होतंच असं नाही.

वडील (६१) पावसात खळ्यातल्या शेवाळावर घसरून पालथे पडले. आता हळूहळू चालतात, पण हात पायांपेक्षा कमजोर आहेत. मोबाइल गेमचं नाव काढलं की "मी काय पोर आहे?" म्हणतात. — एक वाचक, दापोली

उतारवयात मान मागे झटकली गेली की मज्जारज्जूचा मधला भाग दुखावतो आणि पायांपेक्षा हात जास्त जातात. त्यांना तोलापेक्षा बोटांचं काम हवं.

गेम हा शब्दच सोडून द्या. ते भजनाला पेटी वाजवत असतील तर टॅबलेटवर पियानोचं ॲप लावा आणि एकेका बोटाने सा रे ग म. अंगठा आणि करंगळी शेवटी. पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, जे आवडत असेल ते, पण समोर नातवंड बसवून. खेळाने उपचार ही पोरकट गोष्ट नाही: इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉक्टर लुडविग गुटमन मणक्याच्या रुग्णांना उपचार म्हणूनच खेळायला लावत. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी तिथे भरवलेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. हे वडिलांना सांगून बघा. तरीही नको म्हणाले तर नको. भाताच्या ओंजळीतून खडे वेचणं हाही बोटांचा उत्तम व्यायाम आहे.

दीर रोज चार तास सलग गेम खेळतात. बैठकीवर लाल चट्टा दिसतोय. — एक भगिनी, राजापूर

आजपासून खेळ बंद, चट्टा जाईपर्यंत बसणंच कमी करा आणि कुशीवर झोपू द्या. भार काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात आहे. आज दाखवा.

बरं झाल्यावर: दर वीस मिनिटांनी गजर, गेमच्या फोनवर नव्हे तर दुसऱ्या फोनवर, कारण खेळणारा तो बंद करून टाकतो. गजर झाला की छाती मांड्यांकडे झुकवून दोन मिनिटं. दोन सेकंद उचलून परत बसण्याने कातडीला रक्त पोचत नाही. जीन्स नको, तिची शिवण रुतते. दमट हवेत घामाने ओली चड्डी लगेच बदला. हवेच्या गादीत हवा पुरेशी आहे का ते बघायला, ते बसलेले असताना बैठकीच्या हाडाखाली हात घाला. हाड आणि तळ यांत दीड ते अडीच सेंटिमीटर हवा असावी. स्पंजाची गादी दाबल्यावर वर येत नसेल तर ती फेकून द्या. आणि रोज रात्री आरशाने बघा.

समुद्राजवळ घर. रिमोट-बटणं गंजतात, पावसात वीज जाते. — एक वाचक, वेंगुर्ला

खारी हवा पिना आणि सॉकेट्स खाते. वापर झाला की सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाण्याने कधीच नाही, आणि वायर काढून ठेवल्यावरच. विजा चमकू लागल्या की टीव्हीचा प्लग काढा. नेट नसतानाही चालणारे दोन गेम फोनमध्ये उतरवून ठेवा, नाहीतर जुलैत आठ-आठ दिवस व्यायाम चुकतो.

हे सगळं नीट तपासून कोण सांगेल? — एक वाचक, अलिबाग

व्यवसायोपचारतज्ज्ञ. मुंबईत हाजी अली इथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि कृत्रिम अवयव-आधार हे तिन्ही विभाग तिथे एकाच छताखाली आहेत. जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, रोजची गादी, आणि घरी खाटेवर बसतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ न्या. बाजूने काढलेला, पायांसकट.